उल्काला, नाव नोंदवण्याआधी

तू विचारलंस म्हणून सांगते.
इमारत नाही. आधी तेवढं मनातून काढून टाक.
ना फाटक, ना जिना, ना घंटा.
विद्यापीठ येतं ते एका पासवर्डाएवढं होऊन,
आणि तो मी मीटरच्या चावीबरोबर
साखरेच्या डब्यात ठेवते.

संख्याशास्त्रच का, म्हणालीस.
पट्ट्यावरून मिनिटाला किती हॅडॉक सरकतात
हे चार वर्षं मोजल्यावर दुसरं काय घेणार?
तीन साबणांनंतरही बोटांना वास राहतो.
पण पडद्यापलीकडे वास जात नाही, हे एक बरं.

"आवाज येतोय का?" दर मंगळवारी पहिला प्रश्न हाच.
ऑल्डरसनबाई विचारतात, आम्ही एकवीस जण गप्प.
एकवीस काळे चौकोन, त्यांत पांढरी नावं,
हजेरीपटच वर्गात येऊन बसल्यासारखा.
बाईंना तेव्हा काय वाटत असेल
हे माझ्या पाचव्या आठवड्यापर्यंत डोक्यातही आलं नाही.
मग एकदा कॅमेरा लावला.
"अरे वा," त्या म्हणाल्या, "चेहरा!"

वेळ तुमच्या सोयीची, असं पत्रकात असतं. खोटं नाही.
सोय कुठून आणायची ते मात्र लिहिलेलं नसतं.
माझी पहाटे चार ते पाच.
सहाला पाळी, आणि दुपारनंतर घर माझं नसतं.
शाल, शालीवर ह्यांचं जाकीट,
छपरावर सीगल भांडतात, ग्रिम्झबी अजून काळोखात,
आणि मी प्रमाण विचलन गिरवते.
लॅपटॉप मुलाचा जुना, 'ई'ची कळ निखळलेली.
ते अक्षर दरवेळी दुसरीकडून उचलून चिकटवते.
इंग्रजीला ते किती लागतं गं!

सोबती मिळतात. भेटत नाहीत, मिळतात.
डेवी ट्रक रस्त्याकडेला लावून तास ऐकतो.
शेटलंडची इंगा मेंढ्या विण्याच्या दिवसांत गायब.
गटाच्या कामात एक कॅमरन होता,
काम शून्य, नाव सगळ्यात वर.
तसलेही असणारच. घरात नसतात का?

मुदत रात्री अकरा एकोणसाठची.
बारा का नाही, देव जाणे.
अकरा सत्तावन्नला मी पाठवत होते
आणि मीटरमधले पैसे संपले.
लॅपटॉपला जीव होता, वायफाय मेलं.
साखरेत हात घातला, चावी खुपसली,
मीटरकडून पाच पौंड उसने घेतले,
राउटरचे दिवे एकेक करत लागेस्तोवर बारा वाजून चार.
गुण कापले.
बाईंना खरं ते लिहिलं. उत्तर आलं,
"आधी कळवायचं, मुदत वाढवून मिळते."
मिळते!
म्हणून तुला सांगते, माग.
मागायची लाज तिकडेच ठेवून यायची,
मी ती तेवीस किलोंत बसवून आणली.

परीक्षेआधी यंत्र म्हणतं, खोली दाखवा.
लॅपटॉप उचलून गोल फिरायचं,
बाळाला कडेवर घेऊन घर दाखवतात तसं:
वाळत घातलेले गणवेश, भिंतीची ओल,
पिठाचा डबा, फ्रिजवरची रेणुका.
पलंगाखाली दाखवा, म्हणालं.
सात वर्षांत इथलं कुणी या घरात आलं नव्हतं,
आणि हे आलं ते थेट पलंगाखाली वाकलं.
तिथे आमच्या बॅगा,
विमानतळाच्या चिठ्ठ्या अजून दांड्यांना.
"ठीक आहे. सुरू करा."
मला दोन मिनिटं काही सुरूच करता आलं नाही.
घड्याळ त्याचं चालूच.

निकाल अजून लागलेला नाही, विचारू नकोस.
फी हप्त्यांनी भरता येते.
नाव पासपोर्टावर आहे तस्संच लिही,
नाहीतर तीन महिने पत्रं लिहीत बसशील.

आणि मंगळवारी ये हवं तर,
क्लीथॉर्प्सहून सातची बस आहे.
एका चौकोनात दोन डोकी मावतात.
फक्त माइक बंद आहे ना ते बघ,
मी कुकर लावलेला असतो.